दिवा लागतो, पण प्रोग्राम चढत नाही

पत्र: "माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये तिनं उसाच्या रोपांच्या ट्रेला आपोआप पाणी देणारं यंत्र केलंय. अर्डुइनोचा बोर्ड, मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर आणि छोटा पंप. दिवाळीत माझ्या भावानं अमेरिकेहून येताना तिच्यासाठी आयपॅड आणला. घरी त्याला बोर्ड जोडला की बोर्डावरचा दिवा लागतो, पण प्रोग्राम काही चढत नाही. चार दिवस खटपट केली, मग रडली. म्हणाली, मला जमतच नाही. हे म्हणतात, शाळेतल्या जुनाट कॉम्प्युटरवर होतं ते एवढ्या महागड्या टॅबवर का होऊ नये, हिलाच नीट येत नसेल. मोबाईल दुरुस्तीवाला मुलगा 'जेलब्रेक करून देतो' म्हणतोय. द्यावा का? की टॅब विकून लॉपटॉप घ्यावा? लॉपटॉप घेतला तर व्हायरस येईल, मुलगी भलतीकडे जाईल, अशी ह्यांना भीती. आणि भावाला काय सांगू?"
– एक आई, कराड तालुका

ताई,

आज संध्याकाळी लेकीला जवळ बसवा आणि सांगा की तिचं काहीही चुकलेलं नाही. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल. तिनं केबल बरोबर लावली होती, बोर्ड चांगला होता, प्रोग्रामही बहुधा बरोबर होता. तिच्याकडच्या यंत्रात त्या कामासाठी दारच ठेवलेलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीला हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तिनं दोष स्वतःकडे घेतला, याचं मला फार वाईट वाटलं. मी तंत्रनिकेतनात बरीच वर्षं शिकवलं. 'मला जमत नाही' हे वाक्य मुलींच्या तोंडी किती लवकर येतं आणि एकदा आलं की किती वर्षं राहतं, हे मी जवळून पाहिलंय.

दिवा लागतो आणि प्रोग्राम जात नाही, यामागचं कारण असं. अर्डुइनो म्हणजे प्रोग्राम भरून सेन्सर, पंप चालवता येणारा छोटा बोर्ड. त्याची केबल दोन कामं करते. एका तारेच्या जोडीतून बोर्डाला वीज मिळते, दुसरीतून माहिती जाते-येते. वीज आयपॅड देतो, म्हणून दिवा लागतो. माहिती जायला मात्र कॉम्प्युटरनं बोर्डाला 'सीरियल पोर्ट', म्हणजे माहिती देण्या-घेण्याचं दार, म्हणून ओळखावं लागतं, आणि एखाद्या अॅपला त्या पोर्टवर लिहायची मुभा असावी लागते. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर हे दोन्ही असतं. आयपॅडवर तारेनं जोडलेल्या वस्तूंपैकी काही ठरलेल्या जातीच चालतात: कीबोर्ड, पेनड्राइव्ह, कॅमेरा, माइक, संगीताचे कीबोर्ड, शिवाय अॅपलच्या परवाना योजनेतून आलेली उपकरणं. अर्डुइनोचा साधा ऊनो बोर्ड या यादीत बसत नाही. अर्डुइनोचं मूळ सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी मिळतं, आयपॅडसाठी नाही.

"मग क्रोममधून करून बघू," असं लेक म्हणेल, कारण हुशार मुलं तिथं पोचतातच. कॉम्प्युटरवरचा क्रोम खरोखरच बोर्डाशी थेट बोलू शकतो. पण आयपॅडवरचा क्रोम नावापुरता क्रोम आहे. आपल्याकडे आयपॅडवरच्या प्रत्येक ब्राउझरला आतून अॅपलचंच वेबकिट इंजिन वापरावं लागतं, आणि त्या इंजिनात सीरियल पोर्टची सोय ठेवलेली नाही. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे २०२४पासून दुसऱ्या इंजिनांना मुभा द्यावी लागली. कराडात त्याचा उपयोग नाही.

म्हणजे तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी योग्य होता, फक्त त्यांनी उत्तर चुकीच्या माणसावर ढकललं. महागडा टॅब जुनाट कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी वेगवान असतो. २०२१पासून आयपॅड प्रोमध्ये मॅकमधल्याच एम मालिकेतली चिप बसवतात. म्हणजे अडचण ताकदीची नसून परवानगीची आहे. तेच डोकं मॅकमध्ये बसलं की त्याला सगळं करता येतं, आणि टॅबमध्ये बसलं की ठरवून दिलेलं तेवढंच.

हे आजचं नाही. १९७२ साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेत अॅलन के नावाच्या संशोधकानं एक निबंध लिहिला. वहीएवढा, पोराला काखेत मारून नेता येईल असा कॉम्प्युटर कसा असावा, हे त्यात मांडलं होतं. त्याला त्यानं 'डायनाबुक' म्हटलं. चित्रं पाहिलीत तर वाटेल, हा टॅबच आहे. पण अॅलन केची मुख्य कल्पना आकाराची नव्हती. मुलानं त्यावर स्वतः प्रोग्राम लिहावेत, दुसऱ्याचा प्रोग्राम उघडून आत काय आहे ते बघावं, मोडावं, पुन्हा जुळवावं, ही होती. ते यंत्र तेव्हा बनलं नाही, पण त्या विचारातून 'स्मॉलटॉक' ही भाषा निघाली, आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबनं लहान मुलांसाठी २००७ साली आणलेलं 'स्क्रॅच' सुरुवातीला स्मॉलटॉकच्याच एका वंशजात लिहिलेलं होतं. तुमच्या लेकीनं सहावी-सातवीत ते मांजराचं स्क्रॅच बहुतेक वापरलं असेल.

३ एप्रिल २०१० रोजी पहिला आयपॅड विक्रीला आला. त्याच महिन्यात अॅपलनं आपल्या अॅप स्टोअर या दुकानातून एक अॅप काढून टाकलं. मुलांनी स्क्रॅचमध्ये केलेले खेळ आणि गोष्टी दाखवणारं ते अॅप होतं. कारण नियमातलं होतं: अॅपच्या आत दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम चालवायला मनाई. अडतीस वर्षं आधी मुलांसाठी कल्पिलेल्या वहीसारखं यंत्र अखेर दुकानात आलं, आणि महिनाभराच्या आत मुलांनीच लिहिलेले प्रोग्राम त्यातून बाहेर गेले. मी हे वर्गात कितीतरी वेळा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी मला तेवढीच खंत वाटते.

अॅपलची बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. तो नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सैल झाला. २०१६मध्ये अॅपलनं मुलांना कोडिंग शिकवणारं 'स्विफ्ट प्लेग्राउंड्स' स्वतःच आणलं. आज आयपॅडवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकता येते, त्यासाठी 'पायथॉनिस्टा'सारखं सुरेख अॅप आहे. स्क्रॅचही ब्राउझरमध्ये चालतं. मायक्रोबिट नावाचा छोटा बोर्ड असतो, त्यावर आयपॅडमधून ब्लूटूथनं प्रोग्राम पाठवता येतो. म्हणजे आयपॅडवर शिकता येत नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. शिकता येतं, पण प्रत्येक गोष्टीसाठी आधी कुणीतरी दार करून दिलेलं असावं लागतं. तुमची लेक दार नसलेल्या भिंतीपाशी पोचली, ते तिच्या वेगामुळे. आणखी वर्ष-दोन वर्षांत ती अशा दुसऱ्या भिंतीपाशीही जाईल: मॅकवर स्वतः लिहिलेलं अॅप अॅपलच्या मोफत खात्यातून स्वतःच्याच आयपॅडवर टाकलं, तर सात दिवसांनी ते उघडेनासं होतं. तसं होऊ नये तर वर्षाला ९९ डॉलर भरायचे.

बंद यंत्राचे फायदेही खरेच आहेत. एका अॅपला दुसऱ्या अॅपच्या फायलींत डोकावता येत नाही. कुठलंही अॅप तपासणी होऊन दुकानात येतं. तुमच्या सासूबाईंना कीर्तनं ऐकायची असतील, नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचं असेल, तर मी डोळे मिटून आयपॅड सुचवीन. काय चालेल आणि काय नाही हे दुसऱ्यानं ठरवलेलं असणं हीच त्यांच्यासाठी सोय आहे. तुमच्या लेकीला नेमकी तीच गोष्ट अडते.

जेलब्रेक करू नका. हे मी ठामपणे सांगतो. जेलब्रेक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षेत सापडलेल्या भगदाडातून आत शिरणं. ते भगदाड उघडं राहावं म्हणून पुढचे अपडेट टाळावे लागतात, म्हणजे चोरालाही ते उघडंच राहतं. वर तो दुरुस्तीवाला मुलगा कुठलं सॉफ्टवेअर कुठून उतरवून टाकेल, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. आणि एवढं करून अर्डुइनो चालेलच, असंही नाही.

टॅब विकूही नका. प्रेमानं आणलेली वस्तू आहे आणि लेकीच्या कामाचीच आहे. सर्किटची आकृती बोटानं काढायला, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ वाचायला, रोपं आठवडाभरात कशी वाढली याचं टाइमलॅप्स चित्रण करायला तो उत्तम. विज्ञान प्रदर्शनात यंत्राशेजारी तो टॅब ठेवून ते चित्रण चालू ठेवलं, तर परीक्षक थांबून बघतील.

त्याच्या जोडीला एक जुना लॉपटॉप घ्या. नवा नको. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॉपटॉप बदलतात, ते पुण्यात आणि कोल्हापुरात साफसूफ करून विकणारे दुकानदार आहेत. नव्या आयपॅडच्या साधारण निम्म्या किमतीत चांगला मिळतो. ८ जीबी रॅम बघा आणि हार्डडिस्कऐवजी एसएसडी आहे ना, ते विचारा; जुन्या मशीनचा वेग सगळ्यात जास्त त्यानं बदलतो. दुकानात उभं राहून प्रत्येक कळ दाबून बघा, बिजागरी हलवून बघा, चार्जर काढून पंधरा मिनिटं चालू ठेवा. आणि हे विसरू नका: चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन दाखवायला सांगा. तिथं आधीच्या कंपनीचा पासवर्ड असेल तर तो लॉपटॉप घेऊ नका. तेही एक कुलूपच, आणि त्याची किल्ली दुकानदाराकडेही नसते.

लॉपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाका. तो फुकट आहे, पेनड्राइव्हवरून बसतो, ४ जीबी रॅमवरही नीट चालतो. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतो, डिस्कवर काही न लिहिता. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक त्यात मिळतो, लिबरऑफिस हे लिहिण्या-हिशेबाचं सॉफ्टवेअर मराठीत वापरता येतं. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे, प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला. लिनक्स, पायथन, लिबरऑफिस यांचे छोटे छोटे धडे तिथं मराठी आवाजात आहेत. एका हातानं धडा चालवायचा आणि दुसऱ्या हातानं तेच करून बघायचं, अशी त्यांची रीत. धडा आयपॅडवर लावा, हात लॉपटॉपवर ठेवा; भावाच्या टॅबला आणखी एक काम मिळालं.

आता मला मुख्यतः जे सांगायचंय ते. लिनक्सवर अर्डुइनो जोडलात की पहिल्यांदा तिथंही बहुधा प्रोग्राम चढणार नाही. लेक पुन्हा हिरमुसेल, आणि तुम्हाला वाटेल, या माणसानं आपल्याला फसवलं. म्हणून आधीच सांगून ठेवतो. पडद्यावर 'परमिशन डिनाइड' असा लाल अक्षरांत निरोप येईल. म्हणजे पोर्ट सापडला, पण लिहायची परवानगी नाही. लिनक्समध्ये सीरियल पोर्टवर लिहायला वापरणाऱ्याचं नाव 'डायलआउट' नावाच्या गटात असावं लागतं. टेलिफोनच्या तारेनं कॉम्प्युटर जोडायचे त्या काळातलं ते नाव, अजून टिकलेलं. 'यूझर्स अँड ग्रुप्स'मध्ये जायचं, लेकीच्या नावापुढे डायलआउट निवडायचं, पासवर्ड द्यायचा, एकदा लॉगआउट होऊन परत यायचं. झालं.

बघा, नकार दोन्ही यंत्रांनी दिला. आयपॅड काहीच बोलला नाही, म्हणून पोरीला वाटलं, आपण मूर्ख आहोत. लिनक्सनं नकाराचं कारण सांगितलं, आणि ते दूर करायचा अधिकार तिच्याच हातात ठेवला. मला आयुष्यभर विद्यार्थ्यांसाठी हेच हवं होतं. एकदा माझ्या एका विद्यार्थ्यानं विभागातल्या कॉम्प्युटरवर नको ती फाइल उडवली आणि मशीन सुरूच होईना. तो घाबरून दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला घरून बोलावून आणलं आणि दोघांनी मिळून सगळं नव्यानं बसवलं. दुपार गेली. त्या दुपारनंतर अख्ख्या वर्गात ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात चांगली त्यालाच कळायची. बंद यंत्रावर ती फाइल त्याला दिसलीही नसती.

आणखी एक अडथळा येऊ शकतो, तोही सांगतो. बाजारात मिळणारे स्वस्त अर्डुइनो मूळ कंपनीचे नसतात. अर्डुइनोचा आराखडा २००५पासून खुला आहे, कुणीही बनवू शकतो, म्हणूनच सरकारी लॅबला आणि तुम्हाला परवडतो. अशा बोर्डांवर बहुतेकदा 'सीएच ३४०' नावाची चिप असते. लिनक्स तिला आपणहून ओळखतो. पण उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या २२.०४ आवृत्तीत आणि तिच्यावर बेतलेल्या मिंट २१मध्ये दृष्टिहीनांच्या ब्रेल उपकरणासाठीचा एक प्रोग्राम चुकून त्या चिपला आपलंच उपकरण समजतो आणि पोर्ट पळवतो. त्याचं नाव 'ब्रल्टी'. घरात ब्रेल उपकरण वापरणारं कुणी नसेल तर तो काढून टाकायचा, नाहीतर सरळ मिंटची नवी आवृत्ती घ्यायची. लॉपटॉप फारच जुना असेल तर अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जड पडते, मग १.८.१९ ही जुनी उतरवा.

लॉपटॉपचे पैसे या महिन्यात जमणार नसतील तर घरात कुणाचा जुना अँड्रॉइड फोन आहे का बघा. अँड्रॉइडवर 'अर्डुइनोड्रॉइड' नावाचं अॅप आहे, आणि ओटीजी अॅडॉप्टर (फोनला यूएसबी केबल जोडायचा छोटा जोड) लावून फोनवरून बोर्डात प्रोग्राम चढवता येतो. छोट्या पडद्यावर डोळे दुखतील, पण प्रदर्शनापर्यंत निभेल. अँड्रॉइड आयपॅडपेक्षा मोकळा आहे, प्ले स्टोअरबाहेरचं अॅपही टाकता येतं. मात्र ती मोकळीकही आवळायला लागली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये गूगलनं जाहीर केलं की बाहेरून टाकायच्या अॅपच्या निर्मात्यांनाही आपली ओळख गूगलकडे नोंदवावी लागेल, सुरुवात २०२६मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. बरीच ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं ते म्हणाले. म्हणून दीर्घकाळासाठी मी लॉपटॉपच सांगतो.

दीर्घकाळाचा आणखी एक हिशेब आहे. पहिला आयपॅड २०१२च्या ५.१.१ या आवृत्तीवर कायमचा थांबला, दुसरा ९.३ वर. काच शाबूत, बॅटरी चालते, पण नवी अॅप्स बसत नाहीत, आणि दुसरी कुठली सिस्टिम टाकू म्हटलं तर यंत्र टाकू देत नाही. माझ्याही कपाटात एका कंपनीचा असाच एक टॅब पडून आहे, आता फक्त घड्याळ दाखवतो. त्याच्याच वयाचा लॉपटॉप मात्र लिनक्सवर अजून चालतोय. हे उत्तर मी त्यावरच लिहितोय.

आता यजमानांची भीती. ती मी हलकी धरत नाही. लिनक्सवर सॉफ्टवेअर शक्यतो मिंटच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यायचं, ते तपासून शिक्कामोर्तब झालेलं असतं. विंडोजसाठी लिहिलेले बहुतेक व्हायरस तिथं चालतच नाहीत. लॉपटॉप बैठकीच्या खोलीत ठेवा, दार बंद करून नको. आणि मुलगी भलतीकडे जाईल म्हणाल, तर इंटरनेट त्या आयपॅडवरही तेवढंच आहे ना? तिथं जायला कुणी अर्डुइनो जोडत बसत नाही.

एक गोष्ट मात्र यजमानांना कठीण जाईल: लॉपटॉपचा मुख्य पासवर्ड लेकीकडे द्या. दर रविवारी तिच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा नियम करा आणि पासवर्ड तिच्या हाती सोपवा. ती काहीतरी मोडेल. मोडू द्या. पेनड्राइव्हवरून तासाभरात सगळं पुन्हा बसतं, आणि दुसऱ्यांदा ते ती एकटीच बसवेल. डायलआउटच्या वेळी पासवर्डसाठी बाबांची वाट बघावी लागली, तर आपण पुन्हा आयपॅडपाशीच आलो.

भावाला सगळं खरं सांगा, पण तुम्ही सांगू नका, भाचीला सांगू द्या. रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्याकडे शनिवारची रात्र असेल तेव्हा, त्याच आयपॅडवरून व्हिडिओ कॉल लावा. आधी रोपं दाखवायची, मग बोर्ड, मग पंप. कोरड्या मातीत सेन्सर खोचला की पंप सुरू होतो, हे मामाला दिसू द्या. शाळेत चढवलेला प्रोग्राम बोर्डात आहेच, त्याला चार्जर लावला तरी पुरे. मग तिनंच विचारायचं, "मामा, तुझ्याकडे जुना लॉपटॉप पडलाय का?" अमेरिकेतल्या बहुतेक घरांत एखादा पडलेला असतो. पुढच्या खेपेला तो बॅगेत येईल आणि तुमचे पैसे वाचतील. नाहीच आला, तर पुण्याला जाऊन या. जाताना लेकीला बरोबर न्या, कळा तिलाच दाबून बघू द्या.

आणि मिंट बसवताना कुठं अडलं, तर मला पुन्हा लिहा. 'चालत नाही' असं नको. पडद्यावर जो इंग्रजी निरोप येईल तो अक्षरन् अक्षर लेकीकडून उतरवून घ्या आणि सोबत बोर्डावरच्या चिपवर काय छापलंय तेही पाठवा.